पाठीवरचा खो

दिवसकार्याला आलेल्या आम्ही शेजारणींनी चहा संपवला आणि बदल्यात 'सावर गं' एवढंच दिलं. स्वप्नाली गेल्यापासून तिची धाकटी बहीण प्रियदर्शनी भिंतीला पाठ टेकून बसली होती. स्वप्नालीची वर्षभराची लेक भुकेनं रडत होती. मावशीशिवाय कुणाच्या हातचं खात नव्हती. "ऊठ की गं, पोर वाळायला लागली!" आमच्यातल्या अंबूबाई ओरडल्या. "खो मिळाल्याबिगर उठायचं न्हाय," ती पुटपुटली. दोघी कोडोलीच्या खो-खो संघात खेळलेल्या. थोरलीनं पाठीवर थाप मारली की धाकटी सुटायची. "आता कोण देणार खो?" अंबूबाई चिडल्या. एवढ्यात प्रियदर्शनी दचकली, ताडकन उठली आणि पोरीला कडेवर घेऊन पेजेची वाटी शोधू लागली. "काय झालं गं?" मी विचारलं. "दिला की ताईनं. आता मागं फिरायचं न्हाय." मागं नुसती भिंत होती. आम्ही हळूच भिंतीपासून पुढं सरकलो.