काचेआडचं बोलणं

फुटबॉलच्या सामन्यात मध्यंतराला सेलीना हॅवर्थनं सहज मान वर केली आणि तिची नजर तिथंच राहिली. स्टँडच्या मधोमध, जिना चढून गेलं की, क्लबच्या समितीची खोली होती, मोठ्या काचेची. काचेआड अध्यक्ष ग्रिमवुडसाहेब हातात कप घेऊन सेक्रेटरीशी बोलत होते. आवाज खाली पोचणं शक्यच नव्हतं. पण सेलीना वीस वर्षं कापडगिरणीत चार माग सांभाळत आलेली. मागांच्या खडखडाटात स्वतःचा शब्दही स्वतःला ऐकू येत नाही. तिथं बायका ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. ग्रिमवुडसाहेब कोळशाचे व्यापारी, बाहेरगावचे. गिरणीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"एनॉकचा हा शेवटचा सामना," त्यांचे ओठ म्हणाले. "त्याच्या जागी ग्लासगोचा एक जण ठरलाय. सामना संपला की बोलावून सांगतो. वाईट वाटतं, पण गुडघे गेलेत हो त्याचे."

सेलीनाच्या शेजारी उभ्या मार्थानं ते वाचलं. कठड्याला टेकून उभ्या असलेल्या चाळीसेक बायकांनी वाचलं. मग कोणीच कोणाशी बोलेना.

मार्थानं व्हिनेगर घातलेल्या गरम वाटाण्यांचा पुडा पुढे केला. "खा. रिकाम्या पोटी दुःख जास्त लागतं."

"दुःख कसलं? गुडघे गेलेत हे खरंच आहे. रोज शेकते कोण? मीच ना."

"मग तोंड का असं?"

सेलीना वाटाणे चिवडत राहिली. अकरा वर्षं एनॉक या क्लबसाठी पगारावर खेळला. मला कोणी घालवायचं नाही, मी माझ्या पायांनी जाईन, असं दर वर्षी म्हणायचा आणि दर वर्षी आणखी एक वर्ष खेळायचा. आज सकाळी प्रार्थनेला बसली तेव्हा सेलीनानं तेवढंच मागितलं होतं. त्याला जायचं तेव्हा जाऊ दे, देवा, पण त्याच्या पायांनी.

"तू सांगणार नसशील तर मी सांगते," मार्था म्हणाली.

"थांब गं. नवरा माझा आहे."

"शनिवारी दुपारी आम्हा सगळ्यांचा असतो."

उत्तरार्धात एनॉक याच बाजूला, मागच्या फळीत होता. थोड्या वेळानं चेंडू बाहेर गेला आणि कठड्याशी येऊन थांबला. तो उचलायला आला, धापा टाकत, कोपरापर्यंत चिखल. त्यानं बायकांकडे पाहिलं. तोही गिरणीतच वाढलेला.

"काय झालं?" त्यानं नुसत्या ओठांनी विचारलं. "चर्चमध्ये बसल्यासारख्या का सगळ्या?"

"हा शेवटचा तुझा," सेलीनाचे ओठ म्हणाले. "वर ठरलंय. संपल्यावर बोलावून सांगणार आहेत."

चेंडू हातात धरून तो तसाच उभा राहिला. पंचांनी शिट्टी वाजवली, मागून कोणी तरी ओरडलं. त्यानं एकदा वरच्या काचेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"जिना आधी कोण गाठतो ते बघू," त्याचे ओठ म्हणाले, आणि तो हसला.

मग तो फार चांगला खेळला असं नाही. दोनदा चिखलात पडला, दोनदा उठला. एकदा तर काही गरज नसताना त्यानं चेंडू इतका उंच मारला की तो गिरणीच्या धुराड्यावरून जाईल असं वाटलं. मैदान टाळ्यांनी दणाणलं. सामना एक-एक बरोबरीत सुटला.

शिट्टी झाली तसा तो अंघोळीला थांबला नाही. चिखलाच्या बुटांनी थेट जिना चढला. खाली चाळीस माना वर वळल्या.

खोलीचं दार उघडलं. ग्रिमवुडसाहेबांनी कप खाली ठेवला, घसा साफ केला. एनॉक सरळ काचेपाशी आला आणि बाहेर तोंड करून उभा राहिला.

"साहेब, रजा मागायला आलोय," तो म्हणाला. "गुडघे नको म्हणतात. पुढच्या मोसमाला दुसरा कोणी बघा. सोमवारी बायकोच्या पलीकडचे दोन माग घेतोय मी."

पाठीवरचं पोतं उतरावं तसा ग्रिमवुडसाहेबांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी काचेपाशी एनॉकच्या शेजारी येऊन त्याचे चिखलाचे दोन्ही हात हातात घेतले.

"असं कसं, एनॉक? आम्ही तर तुला अजून पाच वर्षं सोडणार नव्हतो."

"तुमचा मोठेपणा, साहेब," एनॉक म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

खाली आधी मार्थाला हसू फुटलं. मग ते कठडाभर पसरत गेलं. सेलीनानं शालीचं टोक तोंडात धरलं तरी तिचे खांदे हलत होतेच.

ग्रिमवुडसाहेबांनी खाली पाहिलं. चाळीस बायका वर बघत होत्या, सगळ्यांचे डोळे ओले. त्यांना भरून आलं. त्यांनी टोपी काढली, छातीशी धरली आणि काचेआडून सगळ्यांना वाकून नमस्कार केला.