पाऊण भरलेला डबा

"आणखी टाक," डॉक्टर संदेश म्हणाले. "डब्याचा तळसुद्धा झाकलेला नाही अजून."

अक्षयानं नवं पाकीट फाडलं. कोरी सुई घ्यायची, टोपण ओढायचं, कटरमध्ये घालून दांडा दाबायचा. तुकडा पांढऱ्या डब्यात. मग दुसरी.

लांज्याच्या त्या छोट्या हॉस्पिटलात वापरलेल्या सुया कापायचा कटर येऊन वर्षं झाली होती. वापरून खराब होऊ नये म्हणून डॉक्टरांनी तो पिशवीसकट कपाटात जपला होता. पेशंटना टोचलेल्या सुया आपल्या मागच्या गोणीत जात. आज रत्नागिरीहून तपासणीला मॅडम येणार, म्हणून कटर बाहेर निघाला. हळदकुंकू तेवढं लावायचं राहिलं. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की कापलेल्या सुयांचा डबा तर रिकामाच आहे. रिकामा डबा पाहून मॅडम काय विचारणार, हे लहान मूलही सांगू शकलं असतं.

"वापरलेल्याच कापूया ना सर," अक्षया म्हणाली होती.

"त्या गोणीत हात कोण घालणार? लागलं म्हणजे?"

तेही खरंच होतं. म्हणून वॉर्ड झाडणाऱ्या यमुनाबाईंकडून सकाळीच ती गोण उचलवून मागच्या काजूंखाली नेऊन टाकली होती.

"डबा पाऊण तरी भर," डॉक्टर म्हणाले. "हॉस्पिटलला सर्टिफिकेट मिळालं की एक तारखेपासून तू कायम. शब्द देतो."

एवढ्या एका शब्दासाठी अक्षया तीन वर्षं रोजंदारीवर राबत होती. तिनं हात आणखी भरभर चालवला. दारात गाडी थांबली, आणि घाईत टोपण ओढताना सुई तिच्या अंगठ्यात घुसली.

मॅडम आत आल्या त्या थेट रक्ताकडेच बघत.

"कुठल्या पेशंटची सुई?"

मॅडमच्या पाठीमागे उभे डॉक्टर एकटक तिच्याकडे पाहत होते. एखाद्या पेशंटचं नाव घ्यावं, तर त्या बापड्याला उगाच तपासण्या. खरं सांगावं, तर सगळंच गेलं.

"ठाऊक नाही मॅडम. वॉर्डातलीच."

"आधी साबण लावून धू. कुणाची ते कळत नाही म्हणजे एचआयव्हीचा धोका धरूनच चालायचं. गोळी आत्ताच घ्यायची, आणि पुढे महिनाभर. मळमळेल, गरगरेल, पण एकही चुकवायची नाही. गोळ्या आहेत ना डॉक्टर?"

"आहेत ना," म्हणत डॉक्टर स्वतः धावले. तपासणीत दाखवायला आणलेलं पाकीट होतं, त्याचं सील आज पहिल्यांदा फुटलं.

मॅडम खुर्चीत टेकल्या. "सगळीकडे लपवतात हो. विचारावं तर कुणाला कधी टोचतच नाही म्हणे. तुमच्याकडे निदान तोंडावर सांगणारी मुलगी आहे. हे मी मुद्दाम लिहिणार."

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. त्यांनी चहा सांगितला.

यमुनाबाई ट्रे घेऊन आल्या. त्यांच्या दोन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. अक्षयाच्या तळहातावरची गोळी बघून त्या थबकल्या.

"काय गो बाय, सुई टोचली तर गोळी खातात?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो मावशी. रोग लागू नये म्हणून."

"असं होय?" यमुनाबाईंच्या आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं. "मला कधी कोणी दिली नाय ती. सकाळी गोण उचलताना दोनतीन आरपार आल्या. मी आपला चुना लावला."

"यमुनाबाई, चहा निवतोय," डॉक्टर घाईनं म्हणाले. "मॅडमना द्या आधी."

मॅडमनी कप घेतला आणि डाव्या हातानं कागद सरळ केला. पेन उघडलं. डॉक्टरांनी डोळ्यांनीच अक्षयाला खुणावलं, गीळ.

अक्षयानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मॅडम, ते लिहू नका," ती म्हणाली. "माझी सुई कोरी होती. ही गोळी यमुनाबाईंना द्या."