सहा सेकंदांचा वाद

"तुम्ही माणूस मारलात, साहेब. आपल्या सोयीची भाषा निवडलीत आणि माणूस मारलात."

चौकशीचे तिघे एका बाजूला, साहेब दुसऱ्या बाजूला. गळतीत गेलेल्या फिटरची बायको भिंतीशी बसली होती. बोलणारी प्रोग्रामर बाई उभीच.

गोठवणीच्या कारखान्यात नायट्रोजन गळला तर ना वास येतो, ना रंग दिसतो. माणूस उभ्याउभ्या कोसळतो. म्हणून गळती झाली की प्रत्येक कामगाराच्या फोनवर घंटा वाजावी, एवढा प्रोग्राम लिहिणं हेच बाईचं काम होतं. पण फोन दोन जातींचे, कंट्रोल रूममधला संगणक तिसराच. तिचं म्हणणं, ज्याच्या त्याच्या भाषेत वेगळा प्रोग्राम लिहू. साहेबांचं म्हणणं, एकच भाषा घ्या, एकदा लिहा, सगळीकडे चालवा.

"तेच दळण तीनदा कशाला?"

"तुमच्या भाषेत जुन्या फोनवर, पडदा बंद असला की, घंटा सहा सेकंद उशिरा वाजते, म्हणून."

"सिद्ध करा."

तिने चंग बांधला. दोन्ही प्रकारे प्रोग्राम लिहिले, कामगारांच्या फोनवर चढवले आणि दोन महिने रोज चार वेळा घंटा वाजवली. वाजली की हातातलं सोडून बटण दाबायचं, म्हणजे वेळेची नोंद होते. लोक कुरकुरले. फिटरने मात्र मनावर घेतलं. "ताई, आज पहिला नंबर माझाच ना?" दारातून डोकावून विचारायचा. दोन सेकंदांत बोट बटणावर. तिचा सगळा तक्ता त्याच्या आकड्यांवर उभा होता.

साहेब लोकांना तक्ते मागायला आवडतात, बघायला नाही. फाईल उघडलीसुद्धा नाही. एकच भाषा ठरली. नऊ दिवसांनी गॅस गळला आणि फिटर आतच राहिला.

"पुढच्या महिन्यात हीच भाषा आणखी चार कारखान्यांत जाणार," ती चौकशीवाल्यांकडे वळली. "ते सहा सेकंद आणखी कोणाकोणाचे घेणार आहात?"

तिघांतल्या वडीलधाऱ्याने कागद पुढे ओढला. "बाई, त्याच्या फोनमधली नोंद आज मिळाली. गळती दहा वाजून बारा मिनिटांनी. घंटा पुढच्याच सेकंदाला."

"शक्यच नाही. जुना फोन होता त्याचा."

"जुनाच. पण तेव्हा त्याच्या हातात होता, चालू होता. उशीर झालाच नाही."

साहेबांनी मान वर केली. ती टेबलावर पुढे झुकली.

"मग तो पळाला का नाही?"

"कॅमेऱ्यात दिसतंय ते सांगतो. घंटा वाजली. दोन सेकंदांत त्याने बटण दाबलं. हसला. फोन खिशात टाकला आणि पुन्हा पाना हातात घेतला."

भिंतीशी खुर्ची सरकली. फिटरची बायको उठून टेबलापर्यंत आली. साहेबांकडे तिने पाहिलंही नाही.

"ताई," ती म्हणाली, "तुमची घंटेची तपासणी संपली, हे त्यांना कधी सांगितलंत? सांगा ना. कधी?"