शेजारची सीट

वडील शिंपी, तोंडात कायम टाचण्या धरल्यासारखे गप्प. लेकीनं लग्न करून परक्या देशात घर मांडलं, तेव्हापासून फोनवर "बरी आहेस ना? ठेवतो," एवढंच. बाबांचा राग अजून गेला नाही, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

मुलगी झाली, तेव्हा तिनं भीतभीतच विचारलं, "बाबा, याल का? अंतर पुष्कळ आहे, पण विमानाला पाचच तास लागतात."

"बघतो. ठेवतो."

पण ते आले. विमानतळाच्या दारातून, नातीसाठी शिवलेल्या कपड्यांची पिशवी छातीशी धरून.

"प्रवास कसा झाला, बाबा?"

"बरा झाला."

तिचा चेहरा उतरला.

इतक्यात मागून एक बाई सामानाची गाडी ढकलत लगबगीनं आल्या आणि तिच्याकडे निरखून पाहत राहिल्या.

"तूच ना ती? यांच्या शेजारची सीट माझी होती गं. तुझ्या पहिल्या फ्रॉकपासून यांनी सुरुवात केली. जेमतेम तुझ्या लग्नापर्यंत पोचलो, तर मेलं विमान उतरलंसुद्धा!"