सतरा दोष

"चौथा दोष," तपासनीस भिंगातून डोळा न काढता म्हणाले. "मागचा उजवा पंख डाव्यापेक्षा अर्धा मिलिमीटर खाली. लिही."

त्यांच्या मुलाने कागदावर लिहिलं. त्याची बायको खिडकीशी उभी होती.

टेबलावर वीतभर लांबीची प्लॅस्टिकची गाडी होती. सत्तावन्न सालची अमेरिकन, लांब शेपटाची, मागे माशाच्या परांसारखे दोन पंख असलेली, फिकट हिरवी, मूळ गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी. खोक्यातून सुटे भाग येतात एकशे बारा. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे.

तपासनीसांनी तीस वर्षं कारखान्यात दुसऱ्यांनी बनवलेले भाग तपासले होते. पाठीमागे त्यांना नापासराव म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली सगळ्यांत उजेडाची खोली घेतली, तिच्यात लांब टेबल टाकलं आणि गाड्या बनवायला सुरुवात केली. तेव्हापासून त्या खोलीत दुसऱ्या कोणाची खुर्ची नव्हती.

सून कृत्रिम दात बनवायची. तिची लॅब बंद पडली होती. दोन डॉक्टर घरी काम द्यायला तयार होते. सोमवारपर्यंत त्यांना हो की नाही ते कळवायचं होतं. त्या कामाला हा उजेड हवा होता आणि हे टेबल.

"टेबल हवंय? मग हात दाखव," तीन महिन्यांपूर्वी तपासनीस म्हणाले होते. त्यांनी मागच्या वर्षी बनवलेल्या गाडीचंच दुसरं खोकं त्यांच्याकडे पडून होतं, ते तिला दिलं. रंगही त्याच बाटलीतला दिला, नंतर सबब नको म्हणून. पाचापेक्षा कमी दोष निघाले तर खोली तिची. पाच निघाले की विषय कायमचा बंद.

आज सकाळी सासूबाईंनी रोजच्यासारखी खोली झाडली, फडताळातली तपासनीसांच्या गाडीची काचेची पेटी पुसली आणि ट्रेमधून गाडी आणून टेबलावर ठेवली. सुनेने गाडीकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, आणि काहीतरी बोलायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

तपासनीसांनी कागदाची पट्टी एकेका चाकाखाली सरकवून पाहिली. पुढच्या डाव्या चाकाखालून ती अलगद पलीकडे गेली.

"पाचवा. गाडी तीन पायांवर उभी आहे. लंगडी." त्यांनी मान वर केली. "खरं तर इथेच थांबता येईल. पण सूनबाईंना कळू दे, आपण कुठे आहोत ते."

"बाबा, पाच झाले ना," मुलगा म्हणाला. "पुरे की."

"तू लिही."

सहावा दोष काचेवर निघाला, डिंकाच्या बोटाचा ठसा. सातवा टपाच्या खांबावर, साच्याची रेघ घासायची राहिलेली. आठव्याला ते हसले.

"ही पुढची जाळी बघ. गाडीला कवळी बसवलीय. सवयच ती, जाणार कुठे?"

मुलाला हसू आलं. बायकोकडे पाहून त्याने ते गिळलं.

"वाईट वाटतंय का?" तपासनीसांनी सुनेला विचारलं.

"नाही बाबा. तुम्ही दाखवताय ते सगळं आहेच तिथे. मलाही दिसतंय."

"दिसतंय, आणि तरी तसंच ठेवलं?"

"आता मी काय बोलू?"

"अहो, जरा नीट बघा," सासूबाई दारातून म्हणाल्या. "उगाच कोणावर अन्याय नको."

"तुला यातलं काय कळतं? तू धूळ पूस."

"पुसतेच आहे. एकतीस वर्षं."

तपासनीसांनी मुलाला फडताळातली पेटी आणायला लावली. ती उघडायची त्यांना गरज वाटली नाही. आतली गाडी खिडकीच्या उजेडात ओली असल्यासारखी चमकत होती.

"याला रंग म्हणतात," ते म्हणाले. "पाण्यासारखा बसलाय. दाराची फट बघ, केस जाणार नाही. आणि जाळीची एकेक काडी सुटी दिसतेय. माझं मलाच कधीकधी नवल वाटतं." त्यांनी टेबलावरच्या गाडीच्या टपावरून नख फिरवलं. "आणि हा रंग, नुसती खडबडीत संत्र्याची साल. बारावा."

त्यानंतर त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. कारखान्यातही शेवटच्या टप्प्यात तो असाच खाली येत असे, आणि समोरचा कामगार तेव्हाच रडायला लागे. सून रडली नाही. सतरा दोष झाल्यावर त्यांनी भिंग पुसलं, मुलाच्या हातून कागद घेतला आणि तळाशी लाल पेन्सिलीने स्वतः लिहिलं. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं.

"'नामंजूर. ही गाडी ज्या हातांनी बनवली, त्या हातांनी या टेबलाला पुन्हा शिवू नये.'"

"सही करा," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर उद्या पुन्हा वाद निघायचा."

"ही एक अक्कल बरी आली तुला." त्यांनी सही केली.

"तारीख?"

त्यांनी तारीखही घातली. सासूबाई आत आल्या, कागद उचलला, त्याची नीट चौकोनी घडी केली आणि सुनेच्या हातात दिली.

"आता ती गाडी उलटी करा," त्या म्हणाल्या.

तपासनीसांनी टेबलावरची गाडी उलटी केली. काळ्या तळावर सुईने कोरलेली त्यांची सही होती, आणि खाली मागच्या वर्षीची तारीख.