घ्यायचं नाही ते नाव

"लेकिशोन कुठाय? माझी गाडी त्यानंच चालवायची!"

म्हातारी जर्मन बाई तुटक्या स्वाहिलीत मोठ्यानं म्हणाली आणि छावणीच्या अंगणात सगळ्यांचे हात जागीच थांबले. स्वयंपाक्यानं चहाची किटली खाली ठेवली. सकाळच्या सफारीसाठी पार्मुआट गाडीची काच पुसत होता. त्याचा चेहराच उतरला.

मेलेल्या माणसाचं नाव आम्ही मसाई लोक घेत नाही. बाई ज्याला हाक मारत होती त्या आमच्या ड्रायव्हरला रानरेड्यानं मारलं, त्याला आता सहा वर्षं झाली. त्याच्याच नावाचा एक पुतण्या होता, त्याचंही नाव बदलून टाकलं. त्याची दुर्बीण आता धाकट्या भावाच्या, या पार्मुआटच्या गळ्यात असते. त्याची बायको नाशिपाई इथंच पाहुण्यांच्या तंबूंत गरम पाणी पोचवते. नेमकी ती बादली घेऊन समोरच उभी होती.

पाहुण्यांना आमच्या सिंहांची नावं पाठ असतात, आमची लक्षात राहत नाहीत. या जर्मन बाईला मात्र त्याचं नाव राहिलं होतं. बारा वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर आली होती. या खेपेला एकटीच होती.

"लेकिशोननं आम्हाला चित्त्याची पिल्लं दाखवली," ती बोलतच सुटली. "किती बेसूर गायचा लेकिशोन! माझा नवरा हसून हसून..."

"आजी, बस करा!" पार्मुआट धावतच आला. "तो राहिला नाही. त्याचं नाव काढायचं नसतं. आणि ही समोर त्याची बायको उभी आहे."

बाईनं गपकन तोंडावर हात धरला. तिचे डोळे भरून आले.

नाशिपाईनं बादली खाली ठेवली. घरात तिला कुणी वावगं बोलत नसे. पण त्याचा विषय निघाला की बोलणं लगेच पावसावर नाहीतर गुरांवर जाई. भरल्या घरात ती सहा वर्षं एकटी होती. ती सरळ बाईपुढं जाऊन उभी राहिली. आता ही काय बोलते, या धास्तीनं सगळे खाली बघू लागले.

"जाऊ दे, वहिनी," पार्मुआट हळूच म्हणाला. "परकी आहे ती. तिला कुठं आपली रीत माहीत?"

"म्हणूनच तर."

नाशिपाईनं बाईचा तोंडावरचा हात अलगद खाली घेतला.

"आजी, त्याचं नाव पुन्हा एकदा घ्या ना."