भिंतीतला थर्माकोल

घरोघरी कचऱ्यातला थर्माकोल खाणाऱ्या अळ्या पाळायला लागल्यापासून, भिंतींत थर्माकोल भरलेल्या कोळंबीच्या कोल्ड स्टोरेजच्या गेटवर प्रत्येकाचा डबा उघडून बघत. दामू मयेकरच्या हातात बायकोच्या वर्षश्राद्धाचं झाकलेलं पान होतं. सुगंधा इथल्याच आगीत गेली होती. वॉचमनने पानाला हात लावला नाही.

संध्याकाळी शेठ धावत आला. "दाम्या, भिंतीत अळ्या सोडल्यास? माझा माल सडेल!"

"कसा सडेल? आग न धरणारा थर्माकोल अळ्यांना पचत नाही, त्या उपाशी मरतात. मागे तुम्ही साधा भरला होतात, म्हणून भिंती भडकल्या. नव्या भिंतीत चांगलाच भरलाय, असं सुगंधाच्या फोटोला हार घालून तुम्हीच सांगितलंत."

कोळंबी सोलणाऱ्या बायका उठल्या. चंद्राक्काने भिंतीला कान लावला. आतून कुरतडण्याचा आवाज येत होता.

"मेल्या, याच्यात आम्हाला बसवलंस?" ती शेठला म्हणाली.

शेठने वॉचमनला अळ्यांवर मारायचं औषध आणायला पिटाळलं. दामू दार अडवून उभा राहिला.

"खाऊ दे त्यांना."

चंद्राक्का त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग बाकीच्या बायकाही आल्या.